झेल केव्हा पूर्ण होतो?

[चेंडू हाताला लागणे वेगळे आणि झेल घेणे वेगळे. या दोहोंमधल्या एवढ्याशा अंतरावर मोठमोठ्या सामन्यांचे निकाल फिरले आहेत. झेलाचा नियम काय आहे, तो तसा का आहे आणि दुसऱ्या एका खेळात तो कसा वेगळा आहे, हे या पाठात सांगितले आहे.]

समजा, नातेपुत्याला दोन शाळांचा क्रिकेटचा सामना चालू आहे. मैदान मोठे आहे. एका बाजूला उसाचे शेत, दुसऱ्या बाजूला रस्ता. चुन्याने आखलेली सीमारेषा आणि त्या रेषेच्या आत एक जुना कडुनिंब. शेवटचे षटक आहे. जिंकायला तीन धावा हव्या आहेत आणि शेवटची जोडी खेळते आहे. फलंदाजाने चेंडू उंच मारला. एक मुलगा मागे मागे धावत गेला. त्याने चेंडू दोन्ही हातांत घेतला. पण त्याच क्षणी त्याचा पाय अडखळला, तो कोपरांवर पडला आणि चेंडू हातांतून निसटून गवतात गेला.

"आउट! आउट!" एक पक्ष ओरडला.

"सुटला! सुटला!" दुसरा पक्ष ओरडला.

"अरे, आधी पकडला होता. पडल्यावर सुटला."

"पडल्यावर का होईना, सुटला ना?"

पंच म्हणून उभ्या असलेल्या सरांनी काय निर्णय द्यावा? विद्यार्थी मित्रांनो, तुमचे उत्तर आत्ताच ठरवा आणि मग पुढे वाचा. या दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकायला बरोबरच वाटते. चेंडू हातात आला होता, हे खरे. तो खाली पडला, हेही खरे. म्हणून नुसते डोळे उपयोगी पडत नाहीत. नियम माहीत असावा लागतो.

नियमाकडे जाण्यापूर्वी दोन शब्द पाहू. उर्दूत 'झेलना' म्हणजे सोसणे, सहन करणे. मराठीत 'झेलणे' म्हणजे वरून येणारी वस्तू हातांत धरणे. शब्द एकच दिसतो, पण अर्थ निराळा. तेव्हा मराठी लिहिताना जपा. दुसरा शब्द 'गोलंदाज'. हा तर तुमच्या ओळखीचाच आहे. फारसीतून आलेल्या शब्दांत शेवटी 'अंदाज' आले की त्याचा अर्थ फेकणारा किंवा सोडणारा असा होतो. तीर सोडणारा तो तीरंदाज. मराठ्यांच्या किल्ल्यांवर तोफेचा गोळा सोडणाऱ्याला गोलंदाज म्हणत. पुढे क्रिकेट आले, तोफा गेल्या आणि चेंडू टाकणारा गोलंदाज झाला. त्याच्या जोडीला मराठीने 'फलंदाज' हा शब्द घडवला. उर्दूत त्याला 'बल्लेबाज' म्हणतात.

झेल काही क्रिकेटबरोबर आपल्याकडे आला नाही. विटी-दांडूत विटी हवेतच झेलली की खेळणारा बाद होतो. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये तर मुलांचे स्वतःचे कायदे असतात. एक टप्पा पडलेला चेंडू एका हाताने धरला तरी आउट. भिंतीला लागून आलेला धरला तरी आउट. हे कायदे गल्लीपुरते ठीक आहेत. पण शाळांच्या सामन्यात ते चालत नाहीत.

क्रिकेटचे नियम लंडनमधील 'मेरिलबोन क्रिकेट क्लब' ही संस्था करते. ही संस्था १७८७ साली स्थापन झाली. आजच्या नियमावलीत एकूण ४२ नियम आहेत. त्यांतला ३३ वा नियम झेलाचा आहे. त्या नियमाचे सार असे: झेल हा एक क्षण नाही. झेल ही एक क्रिया आहे आणि तिला आरंभ व शेवट असतो. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या अंगाला पहिल्यांदा लागतो, तेव्हा तिचा आरंभ होतो. चेंडूवर त्याचा पूर्ण ताबा येतो आणि स्वतःच्या हालचालीवरही पूर्ण ताबा येतो, तेव्हा तिचा शेवट होतो. या दोहोंच्या मधल्या काळात चेंडू जमिनीला लागता कामा नये.

'स्वतःच्या हालचालीवरही' हे शब्द पुन्हा वाचा. चेंडू मुठीत घट्ट आहे, पण माणूस अजून धडपडतो आहे, घसरतो आहे, कोलांटी खातो आहे, तर झेल अजून पूर्ण झालेला नाही. तो उठेपर्यंत किंवा निदान स्थिर होईपर्यंत चेंडू मुठीत राहिला पाहिजे. आता नातेपुत्याच्या त्या मुलाचे काय झाले, ते पाहा. त्याचा चेंडूवर क्षणभर ताबा होता. पण स्वतःवर नव्हता. तो पडत होता. पडता पडता चेंडू सुटला. म्हणून निर्णय: नाबाद.

चेंडू किती वेळ धरायचा, असे तुम्ही विचाराल. नियमात सेकंद दिलेले नाहीत. काही मुलांना वाटते की तीन मोजेपर्यंत धरावा लागतो. तसे काही नाही. स्थिर उभ्या असलेल्या खेळाडूने चेंडू पकडला आणि लगेच आनंदाने आकाशात उडवला, तरी तो झेल पूर्ण असतो. कारण त्याने चेंडू सोडला, चेंडू त्याच्या हातून सुटला नाही. सोडणे आणि सुटणे यांतला फरक पंचाला ओळखावा लागतो. हा फरक कधी कधी इतका बारीक असतो की पंचाची कसोटी लागते.

हा फरक एका खेळाडूला फार महागात पडला. १३ जून १९९९. इंग्लंडमध्ये विश्वचषक स्पर्धा चालू होती. लीड्स येथे ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांचा सामना होता. ऑस्ट्रेलिया हरली असती तर तिला परतीचे विमान पकडावे लागले असते. दक्षिण आफ्रिकेच्या हर्शेल गिब्जने त्या दिवशी शतक काढले होते. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह वॉ ५६ धावांवर असताना त्याने चेंडू सरळ गिब्जच्या हातात मारला. अगदी सोपा झेल. चेंडू गिब्जच्या हातात आला. गिब्जला इतका आनंद झाला की चेंडू नीट धरण्याआधीच तो वर उडवायला त्याने हात हलवला. चेंडू बोटांतून निसटून खाली पडला. पंचांनी वॉला नाबाद ठरवले आणि ते योग्यच होते. कारण चेंडूवर ताबा आल्यानंतर तो सोडला गेला नव्हता. वॉने नाबाद १२० धावा केल्या. दोन चेंडू शिल्लक असताना ऑस्ट्रेलिया जिंकली. चार दिवसांनी याच दोन संघांची उपांत्य फेरीत पुन्हा गाठ पडली. तो सामना बरोबरीत सुटला. पण आधीच्या फेरीतली कामगिरी सरस म्हणून ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत गेली आणि तिने विश्वचषक जिंकला. दक्षिण आफ्रिकेच्या हातातोंडाशी आलेला घास गेला.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. समोर पुन्हा दक्षिण आफ्रिकाच होती. भारताने २९८ धावा केल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वुल्व्हार्ट शतक करून उभी होती. ती असेपर्यंत सामना कोणाचा, हे सांगता येत नव्हते. तिने दीप्ती शर्माचा चेंडू उंच मारला. सीमारेषेजवळून अमनजोत कौर धावत आली. चेंडू तिच्या हातांना लागला आणि उडाला. तिने पुन्हा हात घातला, पुन्हा उडाला. तिसऱ्या वेळी पडता पडता तिने तो एका हातात धरला. सगळ्या मैदानाचा श्वास क्षणभर अडकला होता. नियम काय सांगतो? चेंडू पहिल्यांदा हाताला लागला, तेव्हा झेल सुरू झाला. तो दोनदा उडाला. पण जमिनीला लागला नाही. तिसऱ्या वेळी ताबा आला आणि ती पडून स्थिर झाली तरी तो टिकला. तेव्हा झेल पूर्ण झाला. वुल्व्हार्ट १०१ धावांवर बाद झाली. भारताने तो सामना ५२ धावांनी जिंकला आणि आपल्या महिला संघाला पहिला विश्वचषक मिळाला. शेवटचा बळीही झेलावरच पडला. तो झेल कर्णधार हरमनप्रीत कौरने मागे धावत जाऊन घेतला.

झेल हातांतच घेतला पाहिजे, असे मात्र नाही. छातीशी कवटाळला तरी चालतो. पॅडमध्ये किंवा सदऱ्याच्या घडीत चेंडू आपोआप अडकून बसला तरी चालतो. चेंडू आधी एका खेळाडूच्या हाताला लागला आणि उडाल्यावर दुसऱ्याने पकडला, तरी बाद. पंचाच्या अंगाला लागून आला तरी बाद! पण डोक्यावरची टोपी काढून तिच्यात चेंडू धरला तर? तो झेल नाही. उलट मुद्दाम टोपी वापरल्याबद्दल फलंदाजांच्या संघाला पाच धावा दंड म्हणून मिळतात. ओढणी किंवा सदऱ्याचा पदर पसरून चेंडू धरायलाही हाच कायदा लागू आहे.

आणि तो कडुनिंब? मैदानाच्या आतल्या झाडाला लागून आलेला चेंडू झेलला तर फलंदाज बाद होतो. मात्र सामन्याआधीच झाडाला सीमारेषा मानायचे ठरले असेल, तर बाद होत नाही. म्हणून खेळ सुरू होण्यापूर्वी दोन्ही कर्णधारांनी पंचांबरोबर फिरून झाड, तारा, विहिरीचा कठडा या सगळ्यांविषयी ठरवून घ्यावे. खेडेगावच्या मैदानावर नाणेफेकीपेक्षा हे काम अधिक महत्त्वाचे आहे, असे मला वाटते.

झेलांविषयी लिहायचे आणि एकनाथ सोलकर यांचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. त्यांचा जन्म १९४८ साली मुंबईत झाला. त्यांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करीत. मैदानाच्या कडेलाच या कुटुंबाचे घर होते. श्रीमंतांच्या मुलांना बॅट मिळत होत्या. एकनाथला मैदान मिळाले. सोलकर २७ कसोटी सामने खेळले आणि त्यांनी ५३ झेल घेतले. म्हणजे एका सामन्याला जवळजवळ दोन! यष्टिरक्षक सोडला तर इतक्या सामन्यांत एवढे झेल घेणारा दुसरा खेळाडू सापडणे कठीण. ते 'शॉर्ट लेग' या जागी उभे राहत. ही जागा फलंदाजापासून चार-पाच पावलांवर असते. फलंदाजाने जोराने मारले तर चेंडू सरळ अंगावर येतो. त्या काळी हेल्मेट नव्हते. सोलकर उघड्या डोक्याने, गुडघे वाकवून, डोळ्यांत तेल घालून चेंडूकडे पाहत असत.

ऑगस्ट १९७१ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर भारत आणि इंग्लंड यांचा कसोटी सामना झाला. अजित वाडेकर आपले कर्णधार होते. तोपर्यंत भारताने इंग्लंडमध्ये एकही कसोटी सामना जिंकला नव्हता. पहिल्या डावात इंग्लंडने ३५५ धावा केल्या. त्यांत यष्टिरक्षक ॲलन नॉटच्या ९० धावा होत्या. दुसऱ्या डावात चंद्रशेखर यांची फिरकी चालली. नॉट पुन्हा मैदानात आला. तो टिकला असता तर सामना हातचा गेला असता. वेंकटराघवन यांचा एक चेंडू नॉटच्या बॅटला लागून पुढे, अगदी खाली पडू लागला. सोलकरांनी जागेवरून पुढे झेप घेतली. सारे अंग जमिनीवर आडवे झाले. पण चेंडू जमिनीच्या वर, हातात होता. नॉट एका धावेवर बाद झाला.

नियमाच्या दृष्टीने हा झेल पाहा. सोलकरांचे कोपर, छाती, पोट जमिनीला टेकले. त्याने काही बिघडत नाही. चेंडू धरलेला हातसुद्धा जमिनीला टेकला तरी चालतो. चेंडू तेवढा टेकता कामा नये. आणि पडून, घसरून, थांबेपर्यंत तो हातात राहिला पाहिजे. तो राहिला. इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपला. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ गडी बाद केले. पण दहापैकी सात फलंदाज झेलबाद झाले होते, हे लोक विसरतात. २४ ऑगस्टला भारताने ४ गडी राखून सामना जिंकला. विजयाचा फटका हैदराबादचे सय्यद आबिद अली यांनी मारला. ते स्वतःही फलंदाजाच्या जवळ उभे राहून झेल घेणाऱ्यांपैकी एक होते.

आता सीमारेषा. चेंडू हातात असताना किंवा त्याला हात लागलेला असताना क्षेत्ररक्षकाचा पाय सीमारेषेला लागला, तर झेल नाही, सहा धावा. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोस येथे ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या. हार्दिक पांड्याच्या पहिल्याच चेंडूवर डेव्हिड मिलरने उंच फटका मारला. मुंबईच्या सूर्यकुमार यादवने सीमारेषेच्या आत चेंडू पकडला. पण धावण्याच्या वेगामुळे आपण रेषेपलीकडे जाणार, हे त्याला कळले. त्याने चेंडू हवेत उडवला, तो रेषेपलीकडे गेला, परत आत आला आणि चेंडू पुन्हा पकडला. चेंडू हातात असताना त्याचे पाय आत होते. पाय बाहेर होते तेव्हा चेंडू हातात नव्हता. स्वतःवर ताबा नाही हे ओळखून त्याने झेल अपुरा ठेवला आणि ताबा आल्यावर पूर्ण केला. भारत ७ धावांनी जिंकला.

काही खेळाडूंनी याच्याही पुढे मजल मारली. रेषेबाहेर गेल्यावर ते हवेत उडी मारून, पाय जमिनीला लागण्यापूर्वी चेंडू आत ढकलू लागले. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. हे नियमात बसत होते, पण पाहणाऱ्याला पटत नव्हते. म्हणून जून २०२५ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत नवा नियम आला. रेषेबाहेरून उडी मारून चेंडूला एकदाच हात लावता येतो आणि त्यानंतर खेळाडूला सीमारेषेच्या आतच उतरावे लागते.

झेल पूर्ण केव्हा झाला, हा प्रश्न क्रिकेटपुरता नाही. अमेरिकन फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. नावात फुटबॉल असले तरी त्यात चेंडू बहुतेक वेळ हातांतच असतो. हा चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात. चेंडू घेऊन दहा यार्ड पुढे जाण्यासाठी एका संघाला चार प्रयत्न मिळतात. एक खेळाडू चेंडू दूरवर फेकतो आणि त्याच्याच संघाचा दुसरा खेळाडू धावत जाऊन तो झेलतो. याला 'पास' म्हणतात. आपल्याकडेही हा खेळ येऊन गेला आहे. २०१२ साली 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' या स्पर्धेचा पहिला हंगाम झाला. त्यात मुंबई ग्लॅडिएटर्स आणि पुणे मराठाज असे संघ होते आणि पहिले विजेतेपद पुण्याच्या संघाने मिळवले.

अमेरिकेतील व्यावसायिक सामन्यांत पास पूर्ण होण्यासाठी तीन गोष्टी लागतात. चेंडू जमिनीला लागण्यापूर्वी हातांत पक्का धरला पाहिजे. दोन्ही पाय मैदानाच्या आत टेकले पाहिजेत. आणि त्यानंतर खेळाडूने तिसरे पाऊल टाकणे, चेंडू पुढे नेणे अशी खेळातली एखादी कृती केली पाहिजे किंवा निदान तेवढा वेळ चेंडू त्याच्या ताब्यात असला पाहिजे. महाविद्यालयीन सामन्यांत एकच पाय आत टेकला तरी पुरतो.

पास अपूर्ण राहिला, तर एक प्रयत्न वाया जातो आणि चेंडू पुन्हा मूळ जागी येतो. परंतु पास पूर्ण झाल्यावर चेंडू हातातून पडला, तर तो मोकळा चेंडू होतो आणि प्रतिपक्षसुद्धा तो उचलून पळू शकतो. म्हणजे चेंडू 'आधी सुटला की नंतर' यावर सारा खेळ पालटतो. नातेपुत्याच्या मुलांचे भांडण तिकडेही रोजचेच आहे! एक फरक मात्र ध्यानात ठेवा. क्रिकेटमध्ये झेल पूर्ण होण्यापूर्वी चेंडू जमिनीला टेकला की झेल गेला. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू आधी हातांत पक्का बसला असेल आणि ताबा ढळला नसेल, तर तो जमिनीला टेकला तरी चालतो.

पूर्वी तेथेही एक कडक अट होती. झेल घेताना पडणाऱ्या खेळाडूने जमिनीवर आदळल्यावरही चेंडू घट्ट धरून ठेवला पाहिजे, अशी ती अट. ११ जानेवारी २०१५ रोजी डॅलस आणि ग्रीन बे या संघांच्या सामन्यात डॅलसच्या डेझ ब्रायंटने उंच उडी मारून चेंडू पकडला. दोन-तीन पावले टाकत तो पडला. पडताना चेंडू जमिनीला लागून हलला. आधी पास पूर्ण ठरला. मग चित्रफीत पाहून पंचांनी तो अपूर्ण ठरवला. डॅलस २६-२१ असा हरला. त्या निर्णयावर लोक वर्षानुवर्षे वाद घालीत राहिले. शेवटी २०१८ साली ती अट नियमातून काढून टाकण्यात आली. क्रिकेटने मात्र ती आजही ठेवली आहे. मला क्रिकेटचे बरोबर वाटते. पडण्याआधी किती पावले पडली, हे मोजत बसण्यापेक्षा 'थांबेपर्यंत धर' हे सांगणे सोपे आणि पाहणेही सोपे.

चित्रफीत पाहून निर्णय देण्याची सोय क्रिकेटमध्ये १९९२ साली आली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये डर्बन येथे तिसऱ्या पंचाने पहिल्यांदा एका फलंदाजाला धावबाद ठरवले. तो फलंदाज होता आपला सचिन तेंडुलकर. शाळेच्या मैदानावर तिसरा पंच नसतो. तेथे दोन पंचांचे डोळे असतात आणि दोघांनी आपसांत विचारल्यावरही शंका राहिली तर फलंदाज नाबाद, असा नियम आहे. शिवाय कोणी अपील केल्याशिवाय पंच बाद देत नाही. अपील म्हणजे न्याय मागणे. मराठीत यालाच 'दाद मागणे' म्हणतात. उर्दूत शायराला दाद देतात ती वाहवा; मराठीत दाद मागतात ती न्यायासाठी. केलेले अपील कर्णधाराला परतही घेता येते.

असे अपील मुंबईत एकदा परत घेतले गेले. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडे स्टेडियमवर भारत आणि इंग्लंड यांचा कसोटी सामना चालू होता. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. कपिल देव गोलंदाजी करीत होते. बॉब टेलर फलंदाज होता. चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेला, अपील झाले आणि पंचांनी बोट वर केले. झेल स्वच्छ होता. जमिनीला लागला नव्हता, हातातून सुटला नव्हता. प्रश्न होता तो त्याच्याही आधीचा: चेंडू बॅटला लागला होता का? झेलासाठी चेंडू आधी बॅटला किंवा बॅट धरलेल्या हाताला लागावा लागतो. भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ जवळच, स्लिपमध्ये उभे होते. चेंडू बॅटला लागला नाही, असे त्यांना वाटले. त्यांनी पंचांशी बोलून टेलरला परत बोलावले. टेलरने पुढे ४३ धावा केल्या. बॉथमबरोबर त्याने १७१ धावांची भागीदारी केली. भारत तो सामना १० गडी राखून हरला.

शब्दार्थ
ताबा – कबजा, पकड. क्षेत्ररक्षक – मैदानात चेंडू अडवणारा खेळाडू. यष्टिरक्षक – स्टंपांच्या मागे उभा राहणारा खेळाडू. सीमारेषा – मैदानाची हद्द. निमुळता – टोकाकडे बारीक होत गेलेला. उपांत्य – शेवटच्याच्या आधीची. कठडा – विहिरीभोवतीची बुटकी भिंत. कवटाळणे – छातीशी घट्ट धरणे. वाक्प्रचार: हातातोंडाशी आलेला घास जाणे – मिळत आलेली गोष्ट ऐन वेळी हुकणे. डोळ्यांत तेल घालून पाहणे – अतिशय सावधपणे लक्ष ठेवणे.

स्वाध्याय
१. झेल या क्रियेचा आरंभ केव्हा होतो व शेवट केव्हा होतो?
२. गिब्जच्या हातात चेंडू आला होता, तरी वॉ नाबाद का ठरला?
३. अमनजोत कौरच्या हातातून चेंडू दोनदा उडाला, तरी वुल्व्हार्ट बाद का झाली?
४. 'सोडणे' आणि 'सुटणे' यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा. दोन्ही क्रियापदे वापरून एकेक वाक्य लिहा.
५. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधा. त्यांचा अर्थ दोन्ही भाषांत सारखा आहे का, ते पाहा.
६. विश्वनाथ यांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? वर्गात दोन गट करून चर्चा करा.